कोकोतली गुठळी

मुलांनो, सकाळी गोधडीतून नाकसुद्धा बाहेर काढावंसं वाटू नये, अशी थंडी तुमच्या गावाला पडते का? माझ्या माहेरी, निफाडला पडते! डिसेंबर-जानेवारीत पारा असा खाली येतो, की वर्तमानपत्रात आमच्या गावाचं नाव हमखास छापून येतं. द्राक्षं गारठू नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटतात. आणि आमच्या घरात अशा वेळी एकच मागणी असते. गरम गरम कोको!

आज तुम्हांला हा कोको करायच्या माझ्या आवडत्या तऱ्हा सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. बाईंनीही कधीतरी कबूल करायलाच हवं ना?

साल होतं २००१. मी चौथीत, धाकटा भाऊ दुसरीत. बाबांनी नाशिकहून कोको पावडरचा एक डबा आणला होता. आईने तो फळीवर वर ठेवून दिला. एका संध्याकाळी आई शेजारी गेली होती. मी स्टुलावर चढले, डबा काढला आणि गॅसवर दूध ठेवलं. अर्धा लीटर दूध! सकाळच्या चहाचं आणि आजोबांच्या औषधाचं. दूध तापल्यावर त्यात भसाभसा चार चमचे पावडर टाकली. झालं! काळ्या गुठळ्या दुधावर तरंगायला लागल्या. मी घाईघाईने डाव शोधायला वळले, तोवर दूध उतू गेलं. उरलेलं खाली लागलं. घरभर करपट वास.

आई दारात उभी. "कुणी केलं हे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "याने!"

"मी नाही केलं," भाऊ म्हणाला. एकदा नाही, दोनदा म्हणाला. पण घरातला खोडकर तो होता आणि शहाणी मी होते. आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि वर म्हणाली, "खोटंही बोलायला लागलास?" तो फडताळाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मी गप्प उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आजीने मला स्वयंपाकघरात हाक मारली. म्हणाली, "पोरी, पिठलं करताना बेसन एकदम उकळत्या पाण्यात टाकतात का गं? आधी थोड्या पाण्यात कालवतात. तसंच हे." आजीने उभ्या जन्मात कोको केला नव्हता, पण गुठळीचं शास्त्र तिला पक्कं ठाऊक होतं!

ते शास्त्र असं. कोको पावडरमध्ये थोडी चरबी असते, त्यामुळे ती चटकन भिजत नाही. एकदम गरम दुधात पडली, की गोळ्याचं बाहेरचं आवरण भिजून चिकट होतं आणि आतली पावडर कोरडीच राहते. मग कितीही ढवळा, गुठळी हटत नाही. म्हणून एका कपाला दोन छोटे चमचे कोको, दोन छोटे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ आधी कोरडंच मिसळायचं. साखरेमुळे कोकोचे कण सुटे होतात. मिठाने कडवटपणा कमी लागतो. मग दोन चमचे कोमट दूध घालून चांगलं घोटायचं. लेईसारखं गुळगुळीत झालं, की गॅसवरच्या दुधात ओतायचं आणि मंद आचेवर मिनिटभर ढवळायचं. (डब्यावर 'ड्रिंकिंग चॉकलेट' लिहिलेलं असेल, तर त्यात साखर आधीच असते, बरं का! चव बघूनच वरून घाला. आणि गॅसजवळ मोठं माणूस हवंच.)

शेवटी आजीने ताकाची छोटी रवी धुतली, दोन तळव्यांमध्ये धरून भराभरा फिरवली आणि कोकोवर हा एवढा फेस आणला! पुढे मोठेपणी एका पुस्तकात मी मेक्सिकोमधली लाकडी रवी पाहिली. तिला 'मोलिनियो' म्हणतात. तीही अशीच दोन तळव्यांमध्ये धरून फिरवतात आणि चॉकलेटला फेस आणतात. आजीला चित्र दाखवलं, तर म्हणाली, "अगं, ही तर आपलीच!"

कोकोचं झाड मूळचं तिकडचंच, अमेरिका खंडातलं. तिथले माया आणि ॲझ्टेक लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात कालवून पीत. साखर नाही, दूध नाही. उलट कधी कधी चक्क मिरची! ॲझ्टेकांच्या बाजारात या बिया पैशांसारख्याही चालत. आपण वापरतो तशी पावडर फार नंतरची. बियांमधली बरीचशी चरबी दाबून काढायच्या पद्धतीचं पेटंट हॉलंडमध्ये व्हॅन हाउटेन यांनी १८२८ साली घेतलं, तेव्हा कुठे अशी हलकी पावडर मिळू लागली. आता आपल्याकडेही केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांमध्ये कोको पिकतो.

आता माझ्या आवडीच्या तऱ्हा ऐका.

पहिली, आजीची. वेलची आणि किंचित जायफळ. घरात पुरणपोळीचा वास सुटतो! दुसरी, सर्दी झाल्यावरची. साखरेऐवजी गूळ आणि वर सुंठ. पण गूळ दूध खाली उतरवल्यावरच घाला, नाहीतर दूध नासतं. तिसरी, मेक्सिकोची आठवण म्हणून दालचिनीचा तुकडा. धीट असाल, तर अगदी कणभर लाल तिखट. चौथी, संत्र्याची. सालीचा फक्त केशरी भाग किसून चिमूटभर घालायचा. आतला पांढरा भाग कडू असतो. आणि पाचवी, इटलीच्या धर्तीची. चमचाभर कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून घालायचं, मग कोको इतका दाट होतो की चमच्याने खावा लागतो. एक मात्र लक्षात ठेवा. घरातल्या कुत्र्याला कपातला थेंबसुद्धा द्यायचा नाही. कोको त्याला विषासारखा असतो.

अशा तऱ्हा वाढत गेल्या, वर्षं गेली. मी डी. एड. झाले, शिक्षिका झाले. ती संध्याकाळ मात्र मी कुणाला सांगितली नाही.

मग एका वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात भिंतीवरचा नकाशा फाटला. मी वळले ती थेट वर्गातल्या सगळ्यांत खोडकर मुलाकडे. तो म्हणाला, "बाई, मी नाही केलं." आणि मुलांनो, माझ्या छातीत धस्स झालं. तोच आवाज! मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि म्हटलं, "बरं. तू नाही केलंस. बस खाली." त्याचा त्यावर विश्वासच बसेना.

दुसऱ्या दिवशी वर्गातली एक अगदी हुशार मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि रडत म्हणाली, "बाई, माझ्याकडून फाटला." मी तिला जवळ घेतलं. तिला एका रात्रीत जे जमलं, ते मला वीस वर्षांत जमलं नव्हतं.

त्याच शनिवारी मी निफाडला गेले. आईला वेलची घालून कोको करून दिला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. बराच वेळ कप हातात धरून बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी त्याला उगाचच मारलं. खोटारडाही म्हटलं. त्याला फोन लाव."

आई फोनवर माझ्या भावाला एवढंच म्हणाली, "बाळा, चुकलं रे माझं." मग मी फोन घेतला. मला शब्दच सुचेनात. कसंबसं म्हटलं, "तू तेव्हा खरं का सांगितलं नाहीस नंतर?"

"सांगितलं होतं की, ताई! कुणी ऐकलंच नाही." मग थोडं थांबून तो म्हणाला, "धपाट्याचं काही नाही गं. पण नंतर आजीने तुला कोको करून दिला ना, तो मला मिळाला नाही. ते अजून आठवतं."

पुढच्या महिन्यात तो घरी आला. मी आधी लेई घोटली, मग दूध ओतलं, आजीच्या रवीने फेस आणला. वेलची घालू का, दालचिनी घालू, विचारलं, तर म्हणाला, "काही नको. साधाच दे. आणि ग्लुकोजची बिस्किटं." सलग दोन कप प्यायला! आई त्याच्याकडे बघत बसली होती.

तर मुलांनो, या थंडीत कोको करून बघा. कुठली तऱ्हा आवडली, ते तुमच्या बाईंना नाहीतर गुरुजींना सांगा. आणि करताना एक कप जास्तीचा करा. तो कुणाला द्यायचा, हे तुमचं तुम्हांला बरोबर ठाऊक असेल.