मिलिटरी रूल पाहिजे म्हणणाऱ्यांना

‘या देशाला मिलिटरी रूलच पाहिजे. दोन वर्षं दांडका बसला की सगळे सरळ होतील.’

हे वाक्य मी खात्यात ऐकतो, चहाच्या गाडीवर ऐकतो, आणि अलीकडं आपल्या पोरांच्या तोंडूनबी ऐकतो. वरच्या आळीचा माणूस असं बोलतो तेव्हा मला नवल वाटत नाही. दांडका कुणाच्या हातात जाणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण आपला माणूस बोलतो तेव्हा विचारावंसं वाटतं, बाबा रे, पाठ कुणाची?

त्याचा राग खोटा नाही. २००६ साली खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं मारली. लोकशाही होती, पोलीस ठाणं होतं, सगळं होतं. मग तारीख, पुन्हा तारीख. कोर्टाच्या पायऱ्या चढून आपला माणूस म्हातारा होतो. असल्या वेळी कुणी बंदूकवाला यावा आणि एका रात्रीत निकाल लावावा, असं डोक्यात येणारच. पण बंदूकवाला आलेला देश शेजारीच आहे. त्याचा हिशेब मांडून बघू.

पाकिस्तानची घटना समिती ऑगस्ट १९४७ मध्ये कराचीत पहिल्यांदा बसली, तेव्हा तात्पुरत्या अध्यक्षाच्या खुर्चीवर आपला माणूस होता. जोगेंद्रनाथ मंडल, बारिसालकडचे नामशूद्र. १९४६ साली मुंबईनं बाबासाहेबांना दार लावून घेतलं, तेव्हा बंगालमधून त्यांना भारताच्या घटना समितीवर निवडून पाठवण्यासाठी जिवाचं रान करणारे हेच मंडल. पुढं ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. बघा, फाळणी होऊन दोन देश झाले आणि दोन्हीकडचा पहिला कायदामंत्री अस्पृश्य! शाळेच्या कुठल्या पुस्तकात हे मला कुणी शिकवलं नाही.

इकडच्या कायदामंत्र्यानं घटना तडीस नेली. तिकडच्यानं ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा दिला, पूर्व बंगालात आपल्या लोकांवर काय काय गुजरलं त्याची जंत्री त्यात लिहिली, आणि तो कायमचा भारतात राहिला. तेव्हा लष्कर गादीवर आलं नव्हतं, हे खरं. पण घटनाबी आली नव्हती. ती आली १९५६ ला. ७ ऑक्टोबर १९५८ ला इस्कंदर मिर्झांनी ती रद्द केली, मार्शल लॉ पुकारला आणि अयुब खानला त्याचा मुख्य नेमलं. वीस दिवसांत अयुब खाननं मिर्झांनाच घालवलं. मग त्यानं ‘मूलभूत लोकशाही’ काढली. लोकांनी थेट अध्यक्ष निवडायचा नाही. लोकांनी ऐंशी हजार माणसं निवडायची आणि त्यांनी अध्यक्ष निवडायचा. ऐंशी हजार माणसांना सांभाळणं कोट्यवधींपेक्षा सोपं, हे गावच्या पाटलालाबी कळतं.

प्रौढ मतदानानं सबंध देशाची पहिली निवडणूक पाकिस्तानात झाली १९७० च्या डिसेंबरात. आपल्याकडं ती १९५१-५२ लाच होऊन गेली होती. आणि झाली तरी काय? अवामी लीगला ३०० पैकी १६० जागा मिळाल्या. जनरल याह्या खाननी सत्ता दिली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री फौज ढाक्याच्या रस्त्यावर उतरली. विद्यापीठातल्या जगन्नाथ हॉल या बिगरमुस्लिम पोरांच्या वसतिगृहात शिरून गोळ्या घातल्या. मत मोजून झाल्यावर मत देणारा मारला.

झिया-उल-हकची एक गंमत सांगतो. १९८४ ला त्यानं सार्वमत घेतलं. विचारलं काय, तर इस्लामी कायदे आणण्याचं धोरण तुम्हाला मान्य आहे का? हो म्हटलं की त्याचाच अर्थ झियासाहेब पाच वर्षं अध्यक्ष. धर्माला नाही कोण म्हणणार? वतनदाराचा हिशेब असाच असायचा. अंगठा देवाच्या नावानं आणि जमीन त्याच्या नावानं.

अयुब, याह्या, झिया, १९९९ ला मुशर्रफ. चार जनरल येऊन गेले. पण लाहोर-कराचीच्या गटारात उतरणारे बहुतेक ख्रिस्तीच राहिले, मूळचे चुहडा जातीचे. धर्म बदलला, राज्य बदललं, खराटा त्याच हातात. दांडक्यानं सगळे सरळ होतात म्हणणाऱ्यानं हे एवढं समजावून सांगावं.

कुणी म्हणेल, आपल्याकडं तरी गटारात कोण मरतो? आपलाच. लोकशाहीत मरतो, कायदे असून मरतो, एक १९९३ चा, एक २०१३ चा. मी हे झाकणार नाही. पण इथं मेलेल्याच्या बायकापोरांच्या बाजूनं लोक सुप्रीम कोर्टात उभे राहिले. २०१४ ला दहा लाखांची भरपाई ठरली, २०२३ ला तीस लाख. ती वसूल करायला पुन्हा भांडावं लागतं. भांडणारा मात्र रात्रीतून नाहीसा होत नाही, झालाच तर कुठं गेला म्हणून विचारायला जागा असते. फरक एवढाच आहे. जगायला तो लागतो.

फौजेशी आपलं वैर नाही. रामजी सुभेदारांचं घर फौजेतलंच. पण १८९० नंतर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा कुणाला विचारलं? एक हुकूम निघाला आणि घराघरातली भाकरी गेली. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ मध्ये अर्ज लिहावा लागला. मत नसलेल्या माणसाजवळ अर्जच असतो.

आता आपल्या घरची गोष्ट. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. ती फौजेनं आणली नव्हती, घटनेच्याच दारातून आली. ‘गाड्या वेळेवर धावत होत्या’ असं अजून म्हातारे सांगतात. कामगाराला किमान बोनस ८.३३ टक्के होता, तो त्याच वर्षी वटहुकूम काढून ४ टक्क्यांवर आणला, हे कुणी सांगत नाही. संप करणाऱ्याला जागा तुरुंगात होती. गाडी वेळेवर आली, गडी वेळेवर पाळीला पोचला आणि दिवाळीला निम्मा बोनस घेऊन घरी गेला. ८.३३ परत कधी आला? १९७७ ला, लोकांनी ते सरकार मतानं पाडल्यावर. बोनसच्या पावतीवर मी दर वर्षी तो आकडा बघतो. तो मालकाच्या मनाचा मोठेपणा नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेब घटना समितीत बोलले, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. आपण ते भाषण जयंतीला स्पीकरवर लावतो आणि खाली बॅनरवर नेत्याचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा छापतो. आपल्या संघटनांत अध्यक्ष किती वर्षं तोच असतो? हिशेब विचारणारा पोरगा ‘फुटीर’ कसा ठरतो? जनरलला टोपीच लागते असं नाही.

आणि लोकशाहीनं बाबासाहेबांना काय दिलं म्हणाल, तर पाडलं. १९५१-५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत पाडलं, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पाडलं. ज्यानं सगळ्यांना मत मिळवून दिलं त्यालाच मतं कमी पडली. माझ्या पिढीला हे वाचून संताप येतो, यावाच. पण बाबासाहेबांनी निकालानंतर कुठल्या सेनापतीला हाक मारली नाही. राज्यसभेत जाऊन सरकारला धारेवर धरलं, नव्या रिपब्लिकन पक्षाची जुळणी सुरू केली, आणि १९५६ साली, अंग साथ देत नसताना, राजकारणात शिरणाऱ्या पोरांना शिकवण्यासाठी मुंबईत शाळा काढली.