अंगाखांद्यावरचं वर्ष

तान्ह्या लेकराला खेळवायला काही सामान लागतं, असं आमच्या घाटनांदूरला कुणाला कधी वाटलं नाही. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातून चार-पाच दिवसांनी लेकरू घेऊन घरी परतणार, आणि त्या दिवसापासून ते लेकरू घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येणार. सकाळी आज्जीच्या पायांवर, दुपारी मावशीच्या मांडीवर, दिवेलागणीला आजोबांच्या खांद्यावर. ज्वारी निवडणं चाललंय, भाकरी थापणं चाललंय, आणि शेजारी वाकळेवर ते हातपाय झाडत पडलंय. खेळ म्हणून वेगळा वेळ कुणी काढत नसे. आता माझ्या लेकीच्या मोबाइलवर रोज सकाळी सूचना येते, आज बाळाशी कोणता खेळ खेळाल? प्रश्न चांगला आहे. उत्तरं वाचली की मात्र हसू येतं, कारण त्यातली निम्मी तोवर आमच्या न्हाणीत खेळून झालेली असतात.

न्हाणीचंच सांगतो. न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाटावर बसतात, लुगडं गुडघ्यांपर्यंत सारून पाय लांब सोडतात आणि दोन्ही नडग्यांमधल्या खळग्यात लेकरू उताणं घालतात. आधी तेल. छातीवरून हात दोन्हीकडं फिरवायचे, मग उजवा हात आणि डावा पाय धरून पोटावर एकमेकांना भेटवायचे, मग डावा हात आणि उजवा पाय. भेट झाली की मावशी जिभेनं टक् असा आवाज काढतात. दुसऱ्या महिन्यात नात त्या आवाजाला नुसती दचकायची. चौथ्या महिन्यात हातापायाची भेट व्हायच्या आधीच ती मावशींच्या तोंडाकडं बघायला लागली. मावशीही बेरकी. भेट झाली तरी आवाज काढायच्या नाहीत. नात थांबायची, श्वास धरायची, पाय ताठ करायची, आणि मग तो टक्! की खदाखदा हसू. तांब्याच्या धारेचंही तेच. तांब्या वर जातो, ‘आलं बरं का, आलं’ म्हणत जरासा अडतो, मग पाणी. एवढ्याशा जिवाला क्षणभर वाट बघायला लावायची आणि त्याची वाट वाया जाऊ द्यायची नाही. पहिल्या वर्षातले झाडून सगळे खेळ मला याच एका खेळाच्या पोटजाती वाटतात.

तेल लावून झालं की मावशी लेकरू पायांवर पालथं घालतात. ते मान वर काढायला बघतं, थोडं कुरकुरतं, पुन्हा मान वर काढतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की अजून सरकता न येणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं. मावशींना त्याचा पत्ता नाही. ‘पालथं पडल्याबिगर मान कशी धरंल ते?’ एवढंच त्यांचं शास्त्र. नाकाकानात तेल सोडणं आणि वावडिंग-ओव्याची धुरी हे मात्र डॉक्टरांच्या ओरड्यामुळं आमच्या घरातून गेलं. बरं झालं गेलं ते. जुनं आहे म्हणून सगळंच डोक्यावर घ्यायचं काही कारण नाही.

अगदी पहिल्या दीड-दोन महिन्यांत वाट बघणं वगैरे काही नसतं. तेव्हा एकच खेळणं चालतं, माणसाचं तोंड. नुकत्या जन्मलेल्या लेकराला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, पलीकडचं सगळं धूसर; आणि अंगावर पाजताना आईचं तोंड जवळपास तेवढ्याच अंतरावर येतं. १९६० च्या आसपास अमेरिकेत रॉबर्ट फांट्झ यांनी तान्ह्या बाळांपुढं वेगवेगळी चित्रं धरली आणि कोणत्या चित्राकडं ती जास्त वेळ बघतात ते मोजलं. एकाच रंगाच्या कोऱ्या चकतीपेक्षा नाकडोळे काढलेली चकती, गोलात गोल काढलेली चकती त्यांना जास्त वेळ धरून ठेवी. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आईचं कपाळ दिसलं. सावळ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, त्याखाली हिरवं गोंदण, कानात हलणाऱ्या बुगड्या. आमच्या घरातल्या सगळ्या लेकरांनी आयुष्यातलं पहिलं चित्र बघितलं ते हे. आताच्या बारीक टिकलीबद्दल मला काही म्हणायचं आहे, पण घरात सून आहे.

मग पाळण्यावर चिमणाळं. जुन्या साड्यांच्या चिंध्यांचे पोपट, लोकरीचे गोंडे, मधूनमधून काचेचे मणी. बाळंतविड्यात कुणी ना कुणी आणतंच. वाऱ्यानं ते फिरतं तेव्हा लेकरू त्याच्याकडं टक लावतं आणि घरातली बाई तेवढ्यात वरण फोडणीला टाकून येते. पण लेकराचा हात वर पोचायला लागला की चिमणाळं उतरवायचं. मणी सुटला की थेट तोंडात जातो.

पाचव्या-सहाव्या महिन्यात आज्जीचा पदर कामाला येतो. आज्जी पदर स्वतःच्या तोंडावर ओढते. थांबते. पदर खाली येतो, ‘कुक्!’ आधी आधी पदर फार वेळ वर ठेवून चालत नाही. लेकराचा खालचा ओठ बाहेर येतो, भोकाड पसरायच्या बेतात असतं, तेवढ्यात आज्जीनं उगवायला हवं. थोड्या दिवसांनी पदर लेकराच्याच तोंडावर टाकायचा. मग दाराआड जायचं. आमच्या मंडळींचा यातला अंदाज बिनचूक आहे. ओठ कुठवर ताणता येईल हे तिला बरोबर कळतं. मी दाराआड गेलो की एक तर फार लवकर बाहेर येतो, नाही तर फार उशिरा, आणि नात मला खेळातून बाद करून आज्जीकडं सरकते.

स्वित्झर्लंडच्या जाँ प्याजे यांनी १९२५ ते १९३१ च्या दरम्यान जन्मलेल्या स्वतःच्या तीन लेकरांवर हेच करून बघितलं. खेळणं समोर धरायचं, कापडानं झाकायचं, आणि लेकरू काय करतंय ते टिपून ठेवायचं. आठ-नऊ महिन्यांच्या आधी लेकरू झाकलेली वस्तू शोधायला जात नाही, म्हणजे जे दिसत नाही ते त्याच्या लेखी नाहीच, असं त्यांनी मांडलं. पुढं १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं की हात शोधायला लागण्याच्या बरेच महिने आधी डोळ्यांना संशय आलेला असतो. झाकलेली वस्तू गायब झाल्याचं दाखवलं तर लेकरू जास्त वेळ बघत राहतं. आमच्याकडं नवव्या महिन्यात नातीनं पदर स्वतः ओढून काढला. अकराव्यात तिनं स्वतःचंच झबलं उचलून डोळ्यांवर धरलं आणि उघड्या पोटानं खोलीच्या मधोमध लपून बसली. सगळं घर तिला शोधत होतं. कोपऱ्यात बघितलं, बाजेखाली बघितलं, पिठाच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडून बघितलं.

याच सुमाराला वस्तू खाली टाकणं सुरू होतं. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर स्टीलची वाटी पडली की चांगली तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाते. नात वाटी टाकते, वाकून बघते, मग माझ्याकडं बघते. मी उचलून देतो. ती टाकते. चमचा दिला तर चमचा टाकते, कापडी चेंडू दिला तर तोही. पण चेंडूचा आवाज येत नाही, तेव्हा कपाळाला आठी. लाकडी रवी घरंगळत जाते, तिच्यामागं रांगत जायचं. पत्र्याच्या डब्यावर पळी आपटायची. हा खोडसाळपणा नाही, हे तिचं काम चाललंय, असं मी घरात सांगत असतो. ‘कंबर तुमची वाकतीय, तुमीच सांगा,’ असं उत्तर मिळतं. उचलणारा माणूस हा या खेळातला अर्धा भाग आहे. वाटी गेली, वाटी आली. आजोबा खाली गेले, आजोबा वर आले.

संध्याकाळी मी तिला स्टेशनवर नेतो. आमचं गाव परळी ते विकाराबाद या लोहमार्गावरचं. लातूर रोडकडून किंवा परळीकडून गाडी येते, जराशी थांबते आणि जाते. फलाटापासून चांगलं लांब, लिंबाखाली उभं राहायचं, कारण भोंगा लेकराच्या कानाला मोठा लागतो. पाचव्या महिन्यात तिनं माझ्या सदऱ्याची गळपट्टी मुठीत घट्ट धरली होती. आता रूळ वाजायला लागले की ती आधीच तिकडं मान वळवते. गाडी गेल्यावर हात हलवते. गाडी समोर असताना नाही, निघून गेल्यावर. टाटा करायला तिला एवढा वेळ लागतो, आणि तोवर शेवटचा डबा गेलेला असतो. त्याचं तिला काही वाटत नाही.

पांगुळगाड्याबद्दल दोन शब्द. तीन चाकांचा, बाभळीच्या लाकडाचा, सुतारानं केलेला आमच्या माडीवर होता. लेक म्हणाली वॉकर घेऊ, चाकांचा, ज्यात लेकरू बसतं आणि पायानं ढकलत घरभर पळतं तो. कॅनडानं २००४ साली त्यावर बंदी घातली. लेकरं त्यातून जिन्यावरून पडतात, चुलीपर्यंत, कढत भांड्यापर्यंत पोचतात, आणि चालायला काही लवकर शिकत नाहीत. पांगुळगाड्यात लेकरू बसत नाही. ते स्वतः उभं राहतं आणि गाडा ढकलतं. उभं राहण्याइतकं बळ पायांत आलं तरच तो चालतो. सुताराला चाकं थोडी घट्ट करायला सांगितली, एवढंच. जिन्याला फळी आडवी लावली.

अंगणवाडीच्या ताई वजन करायला येतात तेव्हा आता खेळांचंही विचारतात. २०२४ साली केंद्र सरकारनं जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला. त्यात ३६ महिन्यांचं महिनावार वेळापत्रक आहे. कोणत्या महिन्यात लेकराशी काय बोलायचं, काय दाखवायचं, कसं खेळायचं. ताईंनी नातीशी आपडी-थापडी केली, तळहातावर बोट टेकवून मोराला दाणापाणी दिलं आणि बोटं काखेत नेऊन गुदगुल्या केल्या. दंडापाशी बोट पोचलं तेव्हाच नात हसायला लागली होती. हे आम्ही करतोच की, असं मंडळी म्हणाल्या. ‘करता म्हणूनच लिहून ठेवायचं, आज्जी. न करणारी घरं पण असतात,’ ताई म्हणाल्या. मला ते पटलं.

संक्रांतीनंतर नातीचं बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि उसाची कांडकी ओतली. आळीतली पोरं तुटून पडली. नात मधोमध बसून एकेक चुरमुरा चिमटीत धरायच्या उद्योगात होती, आणि तिची आई तिच्या मुठीतून बोरं न् शेंगा काढून घ्यायच्या. शेंगदाणा किंवा बोराची बी या वयात घशात अडकली तर धावपळ अंबाजोगाईपर्यंत होते. कांडकी तेवढी निर्धास्त राहू दिली, कारण ती तोंडात मावत नव्हती.

उसाचं नाव निघालं की आमच्या जिल्ह्यात बोलणं दुसरीकडं वळतं. दिवाळी झाली की बीडमधून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि अंगावर पिणारं लेकरू मागं ठेवता येत नाही. ते बरोबर जातं. ज्या बाया पहाटेपासून फडात मोळ्या बांधतात त्यांच्या लेकरांचं पहिलं वर्ष गाडीखाली किंवा झाडाला बांधलेल्या झोळीत जातं. सात-आठ वर्षांची थोरली बहीण झोळीची दोरी ओढते. चिमणाळ्याच्या जागी उसाचं वाढं हलत असतं, खुळखुळ्याच्या जागी बैलांच्या घागरमाळा. लेकरं तिथंही हसतात, तिथंही पाचटावर पालथी पडतात. पण वाट बघायला लावणारं आणि वेळेवर उगवणारं माणूस दिवसभर फडात असतं, आणि थोरल्या बहिणीचं स्वतःचंच खेळायचं वय असतं. खेळ कसे खेळायचे हे या घरांना शिकवावं लागत नाही. त्यांना हवेत हात मोकळे असलेले दोन तास.

आमच्या शेजारच्या आज्जी यंदा एकट्याच घरी राहिल्या. लेक, सून, थोरली नात आणि सहा महिन्यांचा नातू कोल्हापूरकडं कोपीवर. रात्री उसाची गाडी भरून झाली की लेक मोबाइल लावतो. लहान लेकरांपुढं पडदा नको म्हणतात, ते खरंच आहे. पण समोरून आपलं माणूस बोलत असेल तर ते चालतं, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञसुद्धा मानतात. आज्जींना कुणी मानलं काय, न मानलं काय. त्या मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवतात, समोर बसतात आणि पदर तोंडावर ओढतात. थांबतात. तिकडून सुनेचा आवाज येतो, ‘कुठं गेली गं आज्जी? कुठं गेली?’ पदर खाली येतो. कधी रेंज जाते आणि नेमकं पदराआडच चित्र अडकतं; मग आज्जी इकडं कितीही वेळा उगवल्या तरी तिकडं पदरच दिसतो.

संक्रांतीच्या सुमाराला नातवाला बसता येऊ लागलं. परवा त्यानं लेकाच्या हातातला मोबाइल दोन्ही हातांनी धरला, उलटा केला आणि पाठीमागं बघितलं. आज्जी तिथं नव्हत्या. पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा. आज्जींना पडद्यावर आळीपाळीनं नातवाचं नाक आणि कोपीचं छप्पर दिसत होतं. ‘अरे पाठीमागं नाही बाबा मी,’ त्या मोठ्यानं ओरडल्या, ‘मी घाटनांदूरला हाये!’