होडीचं बूच

“पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली, की आधी तिच्या तळाचं बूच काढायचं!” हर्णैचा माझा रूममेट सांगत होता आणि मी हसत होतो. होडीला मुद्दाम भोक ठेवायचं? आम्ही पडलो वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्याचे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर!

मग त्याने समजावलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्याच्या आजोबांच्या शिडाच्या छोट्या होडीला ती बंदी नाही, पण खवळलेल्या दर्यात जातो कोण? होडी ओंडक्यांवर चढवून झापांनी शाकारतात. मात्र दोन्ही टोकं उघडी, वारा आरपार गेला पाहिजे. शीड गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून घरात टांगतात, कारण कापडात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. आणि बूच? होडीला समुद्रापेक्षा आत साचलेलं पावसाचं पाणी वाईट. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही, गोड्या पाण्यात फोफावते.

माझं हसू थांबलं. मला गावचं घर आठवलं.

आजोबा गेल्यावर आजी आमच्याकडे अकोल्याला आली आणि मागच्या जूनमध्ये जऊळक्याचं घर बंद झालं. मी भावी इंजिनिअर! खिडक्यांच्या फटींत कागद कोंबले, आजोबांच्या वह्यांची पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने सील केली. दसऱ्याला कुलूप उघडलं. पाणी आत गेलं नव्हतंच, पण आतली ओलही बाहेर गेली नव्हती. आजोबांचे शेतीचे हिशेब, पहिला पाऊस कधी पडला त्याच्या नोंदी... सगळ्यावर काळी बुरशी. एक पान सोडवायला गेलो, तर अक्षरंच बोटांना लागली. आजी काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

दिवसा टिनाखाली तापलेली हवा ओल धरून ठेवते आणि रात्री टिन गार झालं की तीच ओल थेंब होऊन खाली येते. परीक्षेत हे मी आकृतीसकट लिहिलं होतं. घरी मात्र नापास!

यंदा जूनमध्ये मी घर ‘शाकारलं’. झरोक्यांना जाळ्या लावल्या, सामान विटांवर ठेवलं, भिंतीपासून वीतभर दूर. पेटी उघडीच ठेवली. किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आणि म्हणालो, “उघाड पडली की दारं उघडाल का?”

“उघडीन ना बाप्पा! मागच्या सालीच सांगतलं असतं तं?”

खरंच, मागच्या साली मला सगळं सुचलं, फक्त माणूस सुचला नाही.

परवा आजी म्हणाली, “मले आठ दिवस नेऊन ठेव तिथं. घराले मानूस लागते.” नारळी पौर्णिमेला रूममेट होडीचं बूच लावायला हर्णैला जाईल. मी आजीला घेऊन जऊळक्याला जाणार आहे. वाचलेल्या वह्या वाऱ्यावर वाळवायच्या आहेत.