लांबची ओळख

मुंबईच्या गिरणगावात नोकरीची वाट खोलीतून जायची. कोकणातून आलेला पोरगा गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा आणि कुणीतरी मामा-काका त्याला मुकादमापुढे उभं करायचा. भरती मुकादमाच्या हाती. त्याची दस्तुरी, म्हणजे लाच, पोचली की बदली कामगार म्हणून नाव लागे. ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही, त्याने सकाळी फाटकाशी ताटकळायचं.

गिरण्या गेल्या, सवय राहिली. ‘तिथे आपलं कुणी आहे का?’ हा प्रश्न नोकरी-मार्गदर्शनाच्या माझ्या धंद्यात रोज कानावर पडतो. तो ऐकला की दादर आठवतं.

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरच्या २८ शाळांमधल्या मराठी मुलामुलींची वीस वर्षांची माहिती तपासून २००६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ज्या जातींतले पुरुष पिढ्यान् पिढ्या कामगार होते, त्यांच्यातल्या मुलग्यांना बहुधा मराठी माध्यमात घातलं जाई. जातभाईंच्या ओळखीने बापाच्या वळणाचं काम मिळणारच होतं. मुलींना त्या गोतावळ्यात जागाच नव्हती. म्हणून नव्वदच्या दशकात इंग्रजीला भाव आला, तेव्हा मुली इंग्रजी शाळांकडे मोकळेपणाने वळल्या. ज्यांच्या पाठीशी ‘आपली माणसं’ होती, ते भाऊच मागे अडकले.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने हेच दुसऱ्या टोकाने पाहिलं होतं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं: ज्याने खबर दिली, तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारे शंभरात सतराही नव्हते. निम्म्याहून अधिक अधूनमधून भेटणारे, तर चौथाईहून अधिक क्वचितच दिसणारे! १९७३-७४ मध्ये त्याने मांडलेलं कारण साधं आहे: जवळच्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊकच असतं. नवी खबर लांबून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या अभ्यासातही मधल्या अंतरावरच्या ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या.

पण चाळीतल्या पोराने अशी ओळख आणायची कुठून? फुकट राबून. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका सरकारी अहवालात, बेकारीच्या काळात स्वयंसेवा करणाऱ्यांना नोकरी लागण्याची शक्यता २७ टक्क्यांनी जास्त दिसली. शालान्त शिक्षणही न झालेल्यांत ५१ टक्क्यांनी. (धडपडे लोकच स्वयंसेवेला जात असतील, ही शंका रास्त आहे आणि हे आकडे ती पुरती फेडत नाहीत.)

आपल्याकडे राबणाऱ्यांचा तोटा नाही. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ पासून आहे, दोन वर्षांत २४० तासांचं काम असतं. गणपती मंडळं तर गल्लोगल्ली. तरी बायोडेटात शेवटी एकच ओळ सापडते: ‘समाजकार्याची आवड’. मग मी खोदून विचारतो. वर्गणी किती जमली? पावतीपुस्तकं कुणाकडे होती? मांडववाल्याशी घासाघीस कुणी केली? एरवी मुलाखतीत गप्प बसणारा मुलगा वीस मिनिटं बोलतो. तीन वर्षं हिशेब त्यानेच ठेवलेला असतो आणि दर वर्षी सीएकडे तपासायलाही तोच नेतो. त्या सीएंचा नंबर मोबाइलमध्ये असतो. नोकरीसाठी मात्र त्यांना कधी फोन केलेला नसतो.

का, म्हणून विचारलं तर म्हणतो, ‘‘सर, ते कुठे एवढे ओळखीचे आहेत?’’