दाबू का एंटर?

अंबडला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये सरकी आणि खत उधारीवर जातं, पैसे येतात दिवाळीनंतर, कापूस विकला की. उधारीची वही मीच बंद करायला लावली होती. हिशोब उबुंटू टाकलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि डेस्कटॉपवर एक आयकॉन. तो दाबला की शेल स्क्रिप्ट चालायची आणि त्या दिवसाची फाइल पेनड्राइव्हवर जायची.

अप्पा रोज रात्री दाबायचे. एकदा फोनवर म्हणाले, "काळं काहीतरी येतंय अन् लगेच जातंय. वाचताच येत नाही."

"जातंय ना? मग झालं काम," मी पुण्याहून म्हणाले.

ऑगस्टमध्ये हार्ड डिस्क गेली. पेनड्राइव्हवरची शेवटची फाइल 9 जूनची होती. रोज एक नवी फाइल पडून तो भरून गेला होता. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हे त्या काळ्या खिडकीत रोज उमटत होतं आणि अप्पांनी चष्मा नीट करायच्या आत मिटत होतं.

टर्मिनलची खिडकी आतला प्रोग्राम संपेपर्यंतच उघडी राहते. स्क्रिप्टच्या शेवटी 'रीड' ही एक कमांड लिहिली की ती एंटरची वाट बघत थांबते. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये हेच काम 'पॉज' करतं. शेवटी 'एक्झेक बॅश' लिहिलं तरी खिडकी राहते, पण मग नवा प्रॉम्प्ट येतो. अप्पांनी त्याचं काय करायचं?

मी 'रीड'च्या आधी ओळ टाकली: 'बॅकअप झाला. एंटर दाबा.' मग सहज पेनड्राइव्ह काढून स्क्रिप्ट चालवली. तरीही 'बॅकअप झाला'! कॉपी होवो न होवो, माझी ओळ छापली जाणारच होती. म्हणजे आधी खिडकी गप्प होती, आता खोटं बोलायला लागली.

मग एक्झिट कोड तपासायला घेतला. शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे बिघडलं. तो कॉपी झाल्या झाल्या व्हेरिएबलमध्ये ठेवावा लागतो. मध्ये साधा 'एको' आला तरी तो स्वतःचं शून्य त्यावर लिहून मोकळा होतो. आता काही बिघडलं तर खिडकी म्हणते, 'नाही झाला. ताईला फोन करा.'

उधारी मात्र माणसांना विचारूनच परत लिहावी लागली. दोन रविवार मी अप्पांच्या मागे गाडीवर बसून गावं फिरले. बहुतेकांनी आकडे बरोबर सांगितले. दोघांनी कमी सांगितले. अप्पांनी तेच लिहून घेतले, वहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

आता रोज नऊच्या सुमारास फोन येतो.

"झाला म्हणतंय. दाबू का एंटर?"