पुसलेल्या ओळी

सेवानिवृत्तीनंतर मी वेरूळास आपल्या गावी येऊन राहिलो. पहाटे फिरावयास निघालो की पावले आपोआप कैलास लेण्याकडे वळतात. त्या लेण्यासमोर उभा राहिलो म्हणजे मला एका जुन्या संगणकाची आठवण होते. हे ऐकून तुम्हांला हसू येईल. परंतु त्यामागे एक हकीकत आहे.

१९८४ साली भारत सरकारने शाळांतून संगणक-शिक्षणाची योजना सुरू केली. तिच्यातील ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा संगणक १९८७ साली आमच्या शाळेत होता. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. त्याला ‘बेसिक’ ही भाषा समजे. विज्ञान न शिकणाऱ्यांनाही संगणक वापरता यावा, म्हणून अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ या प्राध्यापकांनी १९६४ साली ती रचली होती. त्यामुळेच माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकालाही ती उमगली. तिच्यात प्रत्येक ओळीस क्रमांक द्यावयाचा : १०, २०, ३०. एखादी ओळ राहून गेली, तर तिला १५ हा क्रमांक देऊन मध्ये बसविता येई. माणसाच्या विसराळूपणासाठी आधीच जागा राखून ठेवणारी ती भाषा मला फार आवडली.

आमच्या नववीत एका पाथरवटाचा मुलगा होता. एका रविवारी सकाळपासून खपून त्याने वर्गाच्या हजेरीची सरासरी काढणारी आज्ञावली थेट संगणकावरच लिहिली. सोमवारी पाहुणे यावयाचे होते. “गुरुजी, आधी फितीवर उतरवून घेऊ का?” त्याने विचारले. त्या कामास काही मिनिटे लागत. मी उतावीळपणे म्हणालो, “ते मागाहून. आधी चालवून तर दाखव!”

इतक्यात वीज गेली. तासाभराने ती परत आली, तेव्हा पडदा कोरा होता. मुलगा एक शब्दही बोलला नाही. चूक सर्वस्वी माझी होती. ती मी त्याच्यापाशी कबूल केली आणि त्याला घरी जावयास सांगितले. पण तो पुन्हा कळफलकापाशी बसला. या खेपेस दर दहा ओळींनंतर मी स्वतः फीत फिरविली. दुसरी आज्ञावली पहिलीच्या निम्मीच झाली. तो म्हणाला, “गुरुजी, पहिलीत उगाच पुष्कळ ओळी होत्या.”

कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कोरले गेले, असे मानतात. कारागिरांनी ते कळसापासून पायाकडे खोदीत नेले. छिन्नीने उडालेला दगड पुन्हा जोडता येत नाही. काम पुरे झाल्यावर स्वतः शिल्पकारच चकित झाला आणि असे पुन्हा आपल्या हातून घडेल का, अशी त्यास शंका आली, असा आशय बडोद्यास सापडलेल्या एका ताम्रपटात आहे. मला मात्र त्या मुलाचे ते दुसऱ्यांदा बसणे आठवते.

गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला. त्याने तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ संगणक आणला होता. बीबीसी मायक्रोच्या कंपनीनेच पुढे तयार केलेली ‘रिस्क ओएस’ ही प्रणाली त्यावर चालत होती आणि तिच्यात आमची ती जुनी बेसिक तशीच नांदत होती. थरथरत्या बोटांनी मी लिहिले : १०. मग २०. तोच तो हसून म्हणाला, “गुरुजी, आधी साठवून घेऊ ना?”