रविवारची पद्मिनी

दोस्तांनो, जुन्या मोटारींची जत्रा पाहिली आहे का कधी? हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी मुंबईच्या फोर्ट भागात हॉर्निमन सर्कलला ती भरते. 'विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' या संस्थेच्या कितीतरी रॅली इथून निघाल्या आहेत. गोल बागेभोवती गाड्या ओळीने उभ्या असतात. कुणाचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे, तर कुणाचा भोंगा रबरी फुग्याचा! मालक मऊ फडक्याने बॉनेट पुसत असतात आणि आजोबा मंडळी नातवंडांना सांगत असतात, "अरे, अशीच गाडी आमच्या गावच्या डॉक्टरांकडे होती!"

यातल्या राजेमहाराजांच्या गाड्या आपण लांबूनच बघायच्या. कोल्हापूरकर नाही का दर दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक डोळे भरून बघतात! पण समजा, तुमच्या बाबांच्या किंवा आत्याच्या मनात आलं, की आपणही एक जुनी गाडी घेऊ या, फक्त सुट्टीच्या दिवशी फिरवायला. तर कोणती घ्यावी? मुंबई-पुण्याच्या माणसाला माझं एकच उत्तर आहे : पद्मिनी! का, ते कळायला चला माझ्याबरोबर कुर्ल्याला.

कुर्ला पश्चिमेला आजही 'प्रीमियर रोड' नावाचा रस्ता आहे. हे नाव आलं प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीवरून. मूळ सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती १९४४ साली स्थापन केली आणि कुर्ल्यात मोटारींचा कारखाना काढला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५०च्या दशकात फियाट ११०० इथे तयार होऊ लागली. तिचं गोलमटोल नाकाड पाहून लोकांनी तिला चक्क 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. १९६४ मध्ये नवं रूप घेऊन 'डिलाइट' आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी प्रीमियरच्या नावाने निघू लागली आणि १९७४ मध्ये तिचं नाव ठेवलं गेलं 'पद्मिनी', चित्तोडच्या राणीवरून. तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, बरं का! १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पद्मिनीचा रुबाब उतरू लागला. २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादनच थांबलं.

पण मुंबईच्या रस्त्यावर ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने धावतच राहिली. ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य जास्तीत जास्त २० वर्षांचं. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.

आता कळलं का, मी पद्मिनीच का म्हणालो? इतकी वर्षं हजारो टॅक्स्या धावल्या, म्हणजे त्या दुरुस्त करणारे हातही तितकेच तयार झाले. तिचे सुटे भाग आजही शोधले तर सापडतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मोटारींच्या भागांची दुकानंच दुकानं आहेत. चोरबाजारात गेलात, तर दिवे, काचा, दरवाजाच्या मुठी, आरसे यांचे ढीग दिसतील. एखादी परदेशी गाडी कितीही देखणी असली, तरी तिचा एक भाग तुटला की ती सहा-सहा महिने ताडपत्रीखाली पडून राहते. म्हणून जुनी गाडी निवडताना आधी मिस्त्री आणि सुटे भाग शोधावेत, रंगाचं मागाहून बघावं.

गाडी बघायला जाताना बाबांबरोबर तुम्हीही जा, आणि खिशात एक लोहचुंबक ठेवा. त्याला मऊ कापड गुंडाळा, म्हणजे रंगावर चरे पडणार नाहीत. मग दरवाजांच्या खालच्या कडा आणि चाकांवरचा पत्रा यांवरून ते हळूच फिरवा. चुंबक चिकटलं, तर आत लोखंड आहे. निसटलं, तर समजा, पत्रा गंजून गेलाय आणि तिथे पुट्टी भरून वरून रंग मारलाय! मुंबईची हवा खारी, त्यात चार महिने पाऊस. त्यामुळे गंज हा पद्मिनीचा सर्वांत मोठा शत्रू. शिवाय या गाडीला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाही, सगळा भार पत्र्याच्या सांध्यांवरच असतो. म्हणून पायाखालचा रबरी गालिचा उचलून तळ जरूर बघा.

इंजिन आधीच तापवून ठेवू नका, असं विकणाऱ्याला सांगा. थंड इंजिन चोक ओढून सुरू झालं, की सायलेन्सरकडे नजर ठेवा. निळसर धूर निघत राहिला, तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा निघाला, तर पेट्रोल जास्त जातंय आणि कार्बोरेटर साफ करायला हवा. पेट्रोलचं काम सोपं, ऑइलचं मात्र खिसा रिकामा करणारं! मग आरसी बुक उघडा आणि त्यातला चासी नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक आकडा जुळवा. आकडा जुळला नाही, तर गाडी कितीही आवडली असली तरी सरळ घरी या. आणि बाबांना आठवण करा, की गाडीच्या किमतीखेरीज दुरुस्तीसाठीही वेगळे पैसे बाजूला ठेवायचे असतात.

कागदपत्रांचंही नीट बघायला हवं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. मग आरटीओत तपासणी होते आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. महाराष्ट्रात अशा गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'विंटेज' नोंदणी सुरू केली. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात. पण गंमत अशी, की अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. दर रविवारी सहकुटुंब भटकायचं असेल, तर साधी नोंदणीच बरी.

आणि भटकंतीची मजा काही और! जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने सकाळी लवकर निघा. पुढे सलग बाकासारखी सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. इंजिन फक्त १०८९ सीसीचं, त्यामुळे खोपोली सोडून बोरघाट लागला की गिअर खाली उतरवून हळूहळू चढायचं आणि तापमानाचा काटा बघत राहायचं. काटा वर गेला की गाडी कडेला घेऊन थांबायचं. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कुणीही उघडायचं नाही हं, आतलं उकळतं पाणी अंगावर उडतं! ब्रेक ड्रमचे असतात, ते नव्या गाडीसारखे झटकन लागत नाहीत, म्हणून पुढच्या गाडीपासून चांगलं अंतर ठेवायचं. सीटबेल्ट नसले, तर आधी ते बसवून घ्यायचे आणि मगच मुलांना न्यायचं.

गाडी नुसती झाकून ठेवली, तरी ती बिघडते. बॅटरी उतरते, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून चिकटा धरतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. त्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात.

हे बदलणार कोण? मिस्त्रीकाका! इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून "टॅपेट सैल झालाय" असं सांगणारे, पॉलिश पेपरने पॉइंट घासून बंद गाडी चालू करणारे. टॅक्स्या गेल्या, तसं त्यांचं हे काम आटलं. त्यांच्या पोरांपुढे आता कॉम्प्युटरवर तपासायच्या गाड्या येतात. संग्रहालयात पद्मिनी जपून ठेवता येईल, पण मिस्त्रीकाकांचा कान तिथे ठेवता येणार नाही. तो टिकायला गाडी धावायला हवी, बिघडायला हवी आणि पुन्हा दुरुस्त व्हायला हवी.

तेव्हा घरात पद्मिनी आलीच, तर तिला गॅरेजमध्ये सोडून परत येऊ नका. मिस्त्रीकाकांना "मी बघत बसू का?" असं विचारा, स्टूल ओढा आणि काय काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा. आणि घरी गाडी यायची नसली, तरी आजोबांना एकदा विचाराच, "तुमची पहिली फियाट कोणत्या रंगाची होती?" मग बघा, गप्पा कशा रंगतात!